आईला बडोद्याला खायला नेलं तेव्हा

"तो खांबाला टेकून उभा आहे, तो मामा आहे का?" मी विचारलं.

गाडी अजून पुरती थांबली नव्हती. आईने खिडकीतून बाहेर बघितलंसुद्धा नाही. ती पिशवीचे बंद बांधायला लागली. ते आधीच बांधलेले होते.

"आई, मी काय विचारतेय?"

"असेल," ती म्हणाली.

"आपण येतोय हे त्याला कसं कळलं?"

"मी फोन केला होता. नुसता कळवायला हं. ये म्हणून नव्हतं सांगितलं."

"आपलं काय ठरलं होतं?"

"अगं, बडोद्याला यायचं आणि सख्ख्या भावाला कळवायचं नाही? उद्या रस्त्यात कुणी बघितलं असतं आपल्याला, म्हणजे? त्याला काय वाटलं असतं?"

मी कपाळावर हात मारून घेतला. तेवढ्यात मामाने आम्हाला बघितलं आणि "बेबी! ए बेबी!" अशी आरोळी ठोकली, की दोन हमालही वळून बघायला लागले. माझ्या आईचं नाव कुमुद. वसईला तिला सगळे कुमुदताई म्हणायचे. पण बडोद्यात ती साठीच्या उंबरठ्यावरही बेबीच होती.

हे बडोदं का, ते आधी सांगते. बाबा गेल्यापासून आई पोळीभाजीचे डबे करायची. बँकेतले लोक, एकटे राहणारे मास्तर, दोन-तीन म्हातारी जोडपी, असे सगळे डबे न्यायचे. त्या डब्यांवर माझं शिक्षण झालं, मला नोकरी लागली, तरी डबे चालूच राहिले. "लोकांची सवय झालीय माझ्या हाताची, त्यांना कसं नाही म्हणू?" असं तिचं म्हणणं. आणि मग त्या वर्षी आईची भूक गेली. एकदम नाही, हळूहळू. आधी दोन पोळ्यांची एक झाली, मग अर्धी, मग नुसता आमटीभात, आणि मग 'मी मघाशीच खाल्लं' असं सपशेल खोटं. तिची ब्लाउजं खांद्यावरून उतरायला लागली. डॉक्टरांनी रक्त तपासलं, फोटो काढले, पोटात दुर्बीण घातली. सगळं व्यवस्थित होतं. "बाई, तुम्हाला काहीही झालेलं नाही, पोटभर जेवत जा," एवढं सांगून त्यांनी टॉनिक लिहून दिलं. मला त्यांचा असा राग आला! जेवत जा हे तर मी रोज फुकट सांगत होते.

आणि एका संध्याकाळी कोथिंबीर निवडता निवडता आई म्हणाली, "आमच्या बडोद्याला सेव-उसळ मिळायची बघ, मांडवीकडे. तसली मिळाली तर खाईन मी."

वर्षभरात 'खाईन' हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. मी तिला बोलतं केलं, तशी ती बोलतच सुटली. सेव-उसळ, हिरवा चिवडा, सूरसागर तलावाच्या बाजूला मिळणारी दाट लस्सी, शाळेतून येताना चोरून खाल्लेले पॅटिस. मी दुसऱ्याच दिवशी तिकिटं काढली. शनिवार ते सोमवार. डबेवाल्यांना सुट्टी सांगितली. लॉज ठरवलं. अट एकच घातली, की कुठल्याही नातेवाइकाकडे जायचं नाही आणि तीन दिवस तिने ओट्याला हात लावायचा नाही. दुसऱ्याने केलेलं, दुसऱ्याने वाढलेलं, बसून खायचं. आईने मान डोलावली होती. डोलावून झाल्यावर भावाला फोन केला होता.

"लॉज?" मामा रिक्षात बसता बसता म्हणाला. "बेबी, ही तुझी मुलगी काय बोलतेय? माझं घर पडलंय काय?"

"तसं नाही मामा, आम्ही जरा फिरायला आलोय. खायला-प्यायला."

"मग घरी काय उपाशी ठेवणार आहे तुला? भाई, दांडिया बाजार लेजो," असं रिक्षावाल्याला सांगून त्याने विषय संपवला. आई माझ्याकडे बघून डोळ्यांनीच 'जाऊ दे ना' म्हणाली. मी जाऊ दिलं. चहा घेऊ, तास-दोन तास बसू आणि निघू, असा माझा हिशेब होता.

दार नलूमामीने उघडलं. तिचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता.

"अगो बाई! हे काय झालं?" आईने पिशवी दारातच सोडली.

"काही नाही हो वन्सं, न्हाणीत पाय घसरला. मनगट मोडलं. होईल बरं."

"मग फोनवर बोलला नाहीत ते?"

"बोललो असतो तर तुम्ही आला असता का? उगीच आम्हाला त्रास नको म्हणून रद्द केलं असतंत," मामी हसत म्हणाली. "तुम्ही बसा आधी. मी चहा टाकते. मला डाव्या हाताने सगळं जमतं आता."

मामीवर मला आजही राग धरता येत नाही. ती खरंच चहा करायला गेली, आणि खरंच तिने डाव्या हाताने दुधाचं पातेलं उचललं. ते एका बाजूला कलंडलं. आई तीरासारखी आत गेली, सांडशी घेतली, पातेलं धरलं. मग गॅस बारीक केला. मग इकडेतिकडे बघून चहाचा डबा काढला. माझ्या डोळ्यांदेखत तिने पदर खोचला आणि त्या परक्या ओट्यापुढे अशी उभी राहिली, की जणू वसईहून निघालीच नव्हती.

चहा पिऊन मी उठते तोच मामा आतून एक ओला पंचा घेऊन आला. त्याने तो बाळाला आणावं तसा दोन्ही हातांवर धरला होता. सोडून दाखवला. आत वाल होते, चांगले बोटाच्या पेरभर मोड आलेले.

"तुझा फोन आला तसे भिजत घातले," तो म्हणाला. "बघ, कसे मोड काढलेत! रोज पाणी बदललं. बेबी, तुझ्या हातचं बिरडं खाऊन किती वर्षं झाली गं? आईनंतर तसं कुणाला जमलंच नाही. नलूला विचार."

"नाहीच जमलं," मामीने प्रामाणिकपणे सांगितलं.

"उद्या दुपारी करू. वरचे वैद्य नवरा-बायको येणार आहेत जेवायला. बेबी आलीय म्हटल्यावर त्यांना बोलावणं भागच होतं."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांना सांगते. वालाचं बिरडं करायचं म्हणजे मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकायचे आणि एकेक दाणा चिमटीत धरून सोलायचा. न मोडता. मामीला एकच हात, मामाला जवळचं दिसत नाही. तेव्हा लॉज राहिलं बाजूला आणि बडोद्यातली माझी पहिली दुपार आईच्या समोर फतकल मारून वाल सोलण्यात गेली. आधी तिने सगळ्यांच्या पोळ्या केल्या, बटाट्याची भाजी केली, मामीला ताट वाढून घास तोडून दिले, मामाला गरम पोळी वाढली आणि स्वतः अर्धी पोळी ताकात कुस्करून गिळली. मी बघत होते. आज इतक्या वर्षांनी हे सांगताना मला हसू येतं. त्या दिवशी मात्र सोललेला प्रत्येक वाल भिंतीवर फेकून मारावा असं वाटत होतं.

"संध्याकाळी आपण दोघीच बाहेर जायचं," मी दबक्या आवाजात म्हटलं.

"जाऊ की."

"नक्की?"

"नक्की गं बाई. हळू सोल, डाळिंब्या मोडतायत."

आणि संध्याकाळी आम्ही खरंच निघालो. मामा चप्पल घालून तयारच होता, पण मामीने त्याला दटावलं. "मायलेकींना जरा जाऊ दे ना मोकळं," ती म्हणाली. मी मनातल्या मनात तिच्या पाया पडले.

रस्त्याला लागल्यावर आईची चाल बदलली. इथे आमची शाळा होती, इथे एक पारशी घड्याळवाला बसायचा, इथे तुझ्या मामाने सायकलवरून मला पाडलं होतं, असं करत ती माझ्यापुढे चालायला लागली. मांडवीच्या गर्दीतून तर तिने मलाच हाताला धरून नेलं. सेव-उसळीची गाडी होती तिथे आता चांगलं दुकान झालं होतं, पण वास तोच आहे म्हणाली. वास ओळखला म्हणजे अर्धं काम झालं, असं मला वाटलं. आम्ही बाकावर बसलो. बशा आल्या. वाफाळती उसळ, वर लाल तर्री, त्यावर सेवेचा डोंगर, कांद्याची पात, बाजूला पाव.

"तू आधी घे," आई म्हणाली. "सेव मऊ व्हायच्या आत खायची असते."

"तू पण घे."

"घेते ना. कशी आहे?"

"छान आहे. तू खा."

"तिखट लागतंय का तुला? थांब, पाणी मागते. घाईने खाऊ नकोस, ठसका लागेल." तिने पेला माझ्यापुढे सरकवला, मग स्वतःच्या बशीतली सेव माझ्या बशीत घातली. "तुला लहानपणापासून सेव आवडते."

"आई, तुझी खा!"

"खातेय गं."

तिने चमचा उचलला. मी तो चमचा उसळीपासून तोंडापर्यंत जाताना बघितला. तिने चावलं, तेही बघितलं. दुसरा चमचा बघितला. तिसऱ्या वेळी चमचा बशीतच फिरत राहिला.

"आवडली नाही?"

"अगं, अगदी तश्शीच आहे," आई म्हणाली, आणि वाढणाऱ्या माणसाकडे वळून, "भाई, पार्सल मळशे ने? दोन द्या बांधून. माझ्या भावाला आणि वहिनीला."

पुढे तेच. हिरव्या चिवड्याच्या दुकानात तिने चार दाणे जिभेवर ठेवले, लिंबू किती आणि साखर किती ते बरोबर सांगितलं, आणि शेजारच्या जोशीकाकूंना, बँकेतल्या साहेबांना, खालच्या वॉचमनला, अशी पुडकी बांधून घेतली. पॅटिस घेतले ते मामीला गरम गरम आवडतात म्हणून. लस्सीचा पेला आला तर निम्मा माझ्या पेल्यात ओतला, "मला थंड बाधतं" म्हणून. माझ्या दोन्ही हातांत पिशव्या झाल्या होत्या आणि पोट तट्ट भरलं होतं. जिला खायला आणलं होतं, ती रिकाम्या पोटी माझ्या शेजारून चालत होती आणि विचारत होती, "अजून काय खातेस?"

सूरसागरच्या कठड्यापाशी मी पिशव्या खाली ठेवल्या.

"आई, तू इथे कशाला आलीस?"

"कशाला म्हणजे? तूच आणलंस ना."

"तू खाईन म्हणालीस म्हणून आणलं! वर्षभर मी तुझ्यामागे ताट घेऊन फिरतेय. तिकिटं काढली, रजा काढली, तुझ्या डबेवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या. आणि तू इथे येऊन मामाच्या पोळ्या लाटतेस!"

"हळू बोल. लोक बघतायत."

"बघू देत!"

आई कठड्यावर बसली. पदराने मान पुसली. पाण्याकडे बघत म्हणाली, "म्हटलं होतं खरं. तेव्हा मनापासून वाटलं होतं. समोर आलं की नको होतं."

"पण का?"

"ते मला कळलं असतं तर मी डॉक्टरांना सांगितलं नसतं का?" मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणि तू अशी माझ्या तोंडाकडे बघत बसू नकोस गं. घास फिरतो माझा तोंडात."

"मी काय मजा म्हणून बघते? काळजी वाटते म्हणून बघते."

"माहीत आहे मला," आई म्हणाली. "चल, नलू वाट बघत असेल. रात्रीचं खिचडीवर भागवू."

मला रडू यायला लागलं, आणि भर रस्त्यात रडू येतंय याचाही संताप आला. एवढं सगळं करून वर आपलंच बघणं बोचतंय, असं ऐकून घ्यावं लागलं, ते मला फार लागलं. पिशव्या उचलल्या आणि घराच्या दिशेने भराभर चालायला लागले. फक्त रस्ता ओलांडताना तिने माझा दंड धरला, लहानपणी धरायची तसा.

रविवारी सकाळपासून ओट्यावर धांदल होती. बिरडं, कोलंबीचं कालवण, भात, सोलकढी, आणि वैद्यकाकू कोलंबी खात नाहीत म्हणून त्यांच्यासाठी वेगळी भाजी. मी मदत करत होते, म्हणजे भांडी आपटत होते. वैद्य नवरा-बायको आले, पानं मांडली, आणि पहिल्या घासाला मामाने डोळे मिटले.

"आई आठवली," तो म्हणाला. त्याचा आवाज खरंच ओला झाला होता.

"बेबीताई, हात आहे की काय आहे हो!" वैद्यकाका म्हणाले. "आमच्या हिला जरा शिकवून जा."

आई वाडगं घेऊन सगळ्यांमागून फिरत होती. "घ्या ना थोडं. भात आणू? नलू, तुला मिरची काढून देऊ का?" तिचा चेहरा उन्हातून आल्यासारखा लाल झाला होता आणि मनगटाची हाडं वर आली होती. बांगड्या पार कोपरापर्यंत घसरत होत्या. चारही जण जेवत होते, वाखाणत होते, बोटं चाटत होते, आणि त्यातल्या एकालाही त्या बांगड्या दिसत नव्हत्या. माझं डोकं फिरलं.

"ती जेवलेली नाही," मी मोठ्याने म्हटलं.

"जेवेल की आता आमच्यामागून," मामा म्हणाला.

"नाही जेवणार! ती वर्षभर जेवत नाहीये. तिला भूक लागत नाही, तिला अन्न जात नाही. जरा बघा तिच्याकडे! काटकी झालीय तिची, आणि तुम्ही सगळे हात काय आणि बिरडं काय! तिला एकाने तरी विचारलंत, बाई तू काय खातेस म्हणून?"

"केतकी!" आई म्हणाली.

कुणाचा घास तोंडात होता, कुणाचा हातात. मामाने मान वर करून आईकडे बघितलं, आणि तो तिला खऱ्या अर्थाने तेव्हाच बघत होता हे माझ्या लक्षात आलं. तो खरकट्या हाताने उठला. तिच्या हातातलं वाडगं डाव्या हाताने काढून घेतलं, तिला खांद्याला धरून आपल्या जागेवर बसवलं.

"बस. आधी बस तू. नलू, पान घे."

मग जे झालं ते मी घडवलं होतं, आणि मला अगदी हवं तसं झालं होतं. मामीने डाव्या हाताने भात वाढला. वैद्यकाकूंनी वर तूप सोडलं. मामाने बिरडं वाढलं, कोलंबी वाढली. मी पाणी ठेवलं. आई मध्ये बसली होती आणि आम्ही पाचजण तिच्याभोवती.

"घ्या वन्सं."

"सावकाश. काही घाई नाही."

"अजून एक घास. माझ्यासाठी, बेबी."

आई जेवली. एकेक घास घेत होती, चावत होती, गिळत होती, आणि प्रत्येक घासानंतर वर बघून आमच्याकडे हसत होती. आम्हाला बरं वाटावं म्हणून. मामाने "शाब्बास" म्हटलं, तेव्हा तर तिने आपणहून थोडा भात मागून घेतला. मला वाटलं, सुटलो. ओरडायलाच हवं होतं, मी उगीच वर्षभर गोड बोलत बसले.

मग आई "आलेच हं" म्हणून उठली आणि न्हाणीत गेली. आतून नळ सुरू झाल्याचा आवाज आला. तिने नळ मोठा सोडला होता, तरीही आम्हाला सगळं ऐकू आलं. वैद्यकाकू पानाकडे बघत बसल्या. मामा न्हाणीच्या दाराशी जाऊन खाली बसला, भिंतीला टेकून, हात तसाच खरकटा.

"काय झालंय माझ्या बहिणीला?" त्याने मला विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत."

त्या दुपारी आई भिंतीकडे तोंड करून झोपली. दिवसाढवळ्या आडवं झालेलं मी तिला त्याआधी कधी बघितलं नव्हतं. मी शेजारी जाऊन बसले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मामाला फार लागलं गं. कशाला बोललीस?" मी हात टेकले होते. उद्या गाडीत बसायचं, वसईला उतरायचं, परवापासून पुन्हा डबे, आणि ती अशीच झिजत जाणार. मी नुसती बघत बसणार, आणि बघितलेलंही तिला सोसणार नाही. संध्याकाळी मामाने विचारलं, बाहेर काही खायला जायचं का, सगळेच जाऊ. मीच नको म्हटलं.

सोमवारी मला जाग आली तेव्हा शेजारची गादी गुंडाळून ठेवलेली होती. ओट्यावर आई नव्हती. मामी डाव्या हाताने केर काढत होती.

"वन्सं दूध आणायला गेल्यात. कोपऱ्यावरच आहे केंद्र, येतील इतक्यात."

इतक्यात काही ती आली नाही. मी तोंड धुतलं, पिशव्या भरल्या, चिवड्याची पुडकी कोंबली, तरी आई नाही. मामा अस्वस्थ व्हायला लागला. "कालच्या अशक्तपणाने कुठे चक्कर तर नसेल ना आली? मी बघून येतो," म्हणून सदरा शोधायला लागला. त्याचा चष्मा सापडेना. "तू थांब मामा, मीच बघते," म्हणून मी चपला घातल्या आणि धावतच खाली उतरले.

दूध केंद्रावर ती नव्हती. मी मुख्य रस्त्यापर्यंत गेले. बस, शाळेच्या रिक्षा, सायकली. आणि मग पलीकडच्या बाजूला, एका बंद दुकानाच्या पायरीला लागून, फाफड्याची एक गाडी दिसली. साधी गाडी, वर निळं प्लास्टिक बांधलेलं, नावही लिहिलेलं नव्हतं. आईने सांगितलेल्या जागांमधली तर नक्कीच नव्हती. कढईशी बसलेला माणूस पाटावर पीठ तळहाताने लांब ओढत होता, सुरीने उचलून तेलात सोडत होता. समोर दोन-तीन रिक्षावाले उभे होते. त्यांच्या बाजूला, रस्त्याकडे अर्धी पाठ करून, माझी आई उभी होती. दुधाची रिकामी पिशवी कोपराला अडकवलेली.

तिच्या हातात कागद होता. ती फाफडा मोडत होती, कच्च्या पपईचा कीस त्यावर घेत होती, मिरचीचा तुकडा तोडत होती, आणि एक घास संपायच्या आत दुसरा तोंडात घालत होती. गाल भरलेले होते. कडेने चटणी ओघळली, ती तिने जिभेनेच पुसली. मिरची लागली तशी नाकातून पाणी आलं. पदराने नाक पुसलं आणि पुन्हा हात कागदात. माझी आई अशी जेवताना मी कधी बघितली नव्हती. वर्षभरात नव्हे, कधीच नाही. ती आजूबाजूला बघत नव्हती. शेजारचा रिक्षावाला पाणी मागत होता आणि लोटी तिच्या हाताशीच होती, तरी तिने ती उचलून दिली नाही. त्याने हात लांब करून स्वतः घेतली.

मी हाक मारायला तोंड उघडलं, आणि त्याच वेळी तिने मान वळवली.

आमची नजरानजर झाली. मधून एक बस गेली. बस गेल्यावरही ती माझ्याकडे बघत होती, चावत होती. जन्मभर मी समोर दिसले की आईचा हात आधी पुढे यायचा. ये, घे, खा, तू जेवलीस का. मी वाट बघत होते. तिने मला बोलावलं नाही. तोंडातला घास नीट चावला, गिळला, आणि पाठ पूर्ण वळवून रिकामा कागद त्या माणसापुढे धरला.

"भाई, बीजा आपो ने," तिचा आवाज रस्त्याच्या अलीकडे मला स्वच्छ ऐकू आला. "गरम आपजो."

मी रस्ता ओलांडला नाही. कोपऱ्यावरच्या केंद्रातून दुधाच्या पिशव्या घेतल्या, म्हणजे दुधासाठी म्हणून घरातून दुसरं कुणी बाहेर पडणार नाही. मामा सदरा घालून, चष्मा लावून दारातच उभा होता.

"दिसली का बेबी?"

"नाही," मी म्हटलं आणि दारात आडवी उभी राहिले. "येईल ती. आधी चहा टाकू आपण."